डिस्क तीच, मशीन नवं, आणि लिनक्स वर येईना

दोन अंकांपूर्वी याच पानावर मी सहज लिहून गेले होते की जुना लिनक्स सर्व्हर व्हीएममध्ये (दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) हलवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. ते वाक्य अंगाशी आलं. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे: हलवला, पण बूट होत नाही. म्हणून आजचं पान त्याच पत्रांना. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

प्रश्न: मॅडम, आमचा सेंटओएस ७ चा (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच) सर्व्हर हार्डवेअर रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डावर) चालत होता. लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करून डीडी या कमांडने अख्ख्या डिस्कची इमेज घेतली, ती क्यूकाऊ२ या व्हर्च्युअल डिस्कच्या फॉरमॅटमध्ये बदलली आणि केव्हीएम या हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) व्हर्टआयओ डिस्क (खास व्हीएमसाठीचा प्रकार) म्हणून जोडली. ग्रबचा, म्हणजे बूटलोडरचा, मेन्यू व्यवस्थित येतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडला की ओळी धावतात, मग बराच वेळ सगळं गप्प, त्यानंतर 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' अशा ओळी एकाखाली एक पडत राहतात आणि शेवटी ड्रॅकटचा प्रॉम्प्ट येतो. चेकसम जुळला होता. तरी खात्रीसाठी इमेज दुसऱ्यांदा घेतली, तेच. आता तिसऱ्यांदा घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. तुमची कॉपी पहिल्याच वेळी बरोबर झाली होती, आणि त्याचा पुरावा तुम्हीच दिलाय: ग्रबचा मेन्यू येतो. मेन्यू आला याचा अर्थ व्हीएमला डिस्क दिसली, ग्रबला बूट पार्टिशन वाचता आलं, कर्नल मेमरीत चढला. बिनसलं ते त्याच्या पुढे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. ग्रब डिस्क वाचतो ती बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या मदतीने. त्याला रेड कार्ड कुठलं, कंट्रोलर कुठला, याच्याशी देणंघेणं नसतं. कर्नलने ताबा घेतला की बायोस बाजूला होतो आणि डिस्कपर्यंत पोचायला कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर आहे डिस्कवर, आणि डिस्क वाचायलाच तर ड्रायव्हर हवाय. हा तिढा सोडवण्यासाठी इनिटरॅमएफएस नावाची छोटी शिदोरी कर्नलबरोबर दिलेली असते. आता रेड हॅट ७ आणि सेंटओएस ७ पासून ड्रॅकट ही शिदोरी 'होस्ट-ओन्ली' पद्धतीने बांधतं, म्हणजे ज्या मशीनवर बसलोय त्याला लागेल तेवढंच सामान. तुमच्या सर्व्हरवर तेव्हा मेगारेड-एसएएसचा ड्रायव्हर लागत असेल, तर तो आत आहे. व्हर्टआयओ तेव्हा कोणी पाहिलंही नव्हतं, म्हणून तो नाही.

खात्री करायची असेल तर त्या ड्रॅकटच्या प्रॉम्प्टवर 'कॅट /प्रॉक/पार्टिशन्स' द्या. मथळ्याची ओळ येईल आणि खाली काहीच नसेल. ती रिकामी यादी म्हणजेच निदान. यादीत डिस्क आणि पार्टिशनं दिसली असती, तर मी तुम्हाला एलव्हीएमकडे (डिस्कची लवचिक वाटणी करणाऱ्या व्यवस्थेकडे) किंवा चुकलेल्या यूयूआयडीकडे (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाकडे) पाठवलं असतं. म्हणून आधी यादी बघा, मग हातपाय हलवा.

उपाय. सगळ्यांत सोपा तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि कोणी वापरत नाही: ग्रबच्या मेन्यूत सर्वांत खाली 'रेस्क्यू' नावाची एक नोंद असते. तिची इनिटरॅमएफएस होस्ट-ओन्ली नसते, तिच्यात सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर भरलेले असतात. ती निवडा. बहुतेक वेळा मशीन वर येतं. हा कर्नल इन्स्टॉलच्या दिवशीचा असतो, त्यामुळे कदाचित नेटवर्क चालणार नाही, पण आपल्याला कन्सोल पुरे. रूट म्हणून लॉगिन करून ड्रॅकट चालवा, 'रिजनरेट-ऑल' आणि 'फोर्स' हे दोन पर्याय लावून. झाल्यावर 'एलएसइनिटआरडी' लावून नेहमीच्या कर्नलच्या इमेजमध्ये व्हर्टआयओ शोधा. नुसतं व्हर्टआयओ-ब्लॉक असून भागत नाही, व्हर्टआयओ-पीसीआयही हवा. डिस्क ज्या बसवर टांगलेली आहे तो बसच ओळखला नाही तर डिस्कचा ड्रायव्हर काय करणार?

रेस्क्यूची नोंद कोणीतरी साफसफाईत उडवली असेल, तर व्हीएम बंद करून डिस्कचा प्रकार व्हर्टआयओवरून साटा किंवा आयडीई करून बघा. जुन्या सर्व्हरवर डीव्हीडी ड्राइव्हसाठी तसलं काहीतरी असायचं, त्यामुळे तो ड्रायव्हर पुष्कळदा आत सापडतो. वर आलं की वरच्यासारखंच.

तेही नाही जमलं, तर लाइव्ह आयएसओ आणि सीएचरूट, म्हणजे लाइव्ह आयएसओवरून बूट करून आपल्या डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरणं. इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलेली आहे. पहिला: सीएचरूटमध्ये गेल्यावरही चालू कर्नल लाइव्ह आयएसओचाच असतो. नुसतं ड्रॅकट चालवलं की ते त्या लाइव्ह कर्नलच्या आवृत्तीसाठी इमेज बांधायला जातं. म्हणून '/लिब/मॉड्यूल्स' उघडून आपल्या कर्नलची आवृत्ती बघायची आणि ती ड्रॅकटला स्वतः सांगायची. दुसरा खड्डा जास्त वाईट, कारण त्यात चूक दिसतच नाही. एका रात्री मी तीन वेळा इमेज बांधली, तिन्ही वेळा एकही एरर नाही, तिन्ही वेळा रीबूट केल्यावर तोच टाइमआउट. चौथ्यांदा करायच्या आधी तारखा बघितल्या तेव्हा कळलं: बूट पार्टिशन मी माउंटच केलं नव्हतं, म्हणजे त्याच्या फोल्डरला जोडलंच नव्हतं. रूट डिस्कवर '/बूट' नावाचं रिकामं फोल्डर असतंच, आणि माझ्या तिन्ही इमेज तिथे नीट रचून ठेवलेल्या होत्या. ग्रब बिचारा खऱ्या बूट पार्टिशनमधून जुनी इमेज उचलत होता. तेव्हापासून सीएचरूट करण्यापूर्वी मी '/बूट' मध्ये कर्नलच्या फाइली डोळ्यांनी बघते, त्याशिवाय पुढे जात नाही. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन बाइंड-माउंट करायचे हे तुम्हाला माहीत असेलच.

बाकी हायपरव्हायजरवाल्यांसाठी एका दमात: व्हीएमवेअरच्या पॅराव्हर्च्युअल कंट्रोलरला व्हीएमडब्ल्यू-पीव्हीस्कझी लागतो, एलएसआय लॉजिकच्या दोन प्रकारांना एमपीटी-एसपीआय किंवा एमपीटी-एसएएस, आणि हायपर-व्हीला एचव्ही-व्हीएमबस व एचव्ही-स्टोरव्हीएससी. डेबियनवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही. तिथे इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये 'मॉड्यूल्स' ची किंमत मुळातच 'मोस्ट' असते, म्हणजे शिदोरी भरपूर. कोणी जागा वाचवायला ती 'डेप' केली असेल, तर मात्र तुमच्यासारखीच गत.

आणि हो, ज्यांनी अजून इमेज घेतलेली नाही त्यांनी हे सगळं वाचून घाबरू नये. जुनं मशीन जिवंत असतानाच त्याच्यावर ड्रॅकट 'नो-होस्टओन्ली' आणि 'फोर्स' लावून एकदा चालवा, मग इमेज घ्या. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. हे आधी करायचं कोणाला सुचत नाही, मलाही पहिली काही वर्षं सुचलं नव्हतं.

प्रश्न: ताई, आमचं मशीन बऱ्यापैकी पुढे जातं. मग 'स्टार्ट जॉब इज रनिंग' असं म्हणत दीड मिनिट मोजतं आणि 'वेलकम टू इमर्जन्सी मोड' म्हणून रूटचा पासवर्ड मागतं. पासवर्ड घेतंही. पण कितीदा रीबूट केलं तरी तिथेच येऊन थांबतं. जुन्या सर्व्हरवर बॅकअपसाठी वेगळी डिस्क होती, ती आम्ही मुद्दामच आणली नाही. तिचा काही संबंध असेल का?

उत्तर: तिचाच आहे. प्रश्नातच उत्तर दिलंत.

पासवर्ड घेतोय म्हणजे रूट फाइलसिस्टिम माउंट झालेली आहे, तेव्हा ड्रायव्हर वगैरे विसरा. एफएसटॅब, म्हणजे बूट होताना काय काय माउंट करायचं याची यादी, उघडा. बॅकअप डिस्कची ओळ अजून तिथे असणार. सिस्टिमडी (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतं, ती येत नाही, आणि मग एक बॅकअपचं फोल्डर मिळालं नाही म्हणून अख्खं मशीन अडवून धरतं. मला हा स्वभाव कधीच आवडला नाही, पण त्यामागे विचार आहे: डेटाबेसची डिस्क माउंट न होताच डेटाबेस सुरू झाला तर रिकाम्या फोल्डरमध्ये नवा संसार थाटेल. म्हणून ज्या डिस्कशिवाय चालतं तिच्या ओळीत 'नोफेल' लिहायचं असतं. तुमच्या बाबतीत ती ओळच काढून टाका. फाइल सेव्ह होत नसेल तर रूट 'रीड-ओन्ली' आहे, रीमाउंट करून 'आरडब्ल्यू' करा.

तिथेच आहात तर बाकीच्या ओळींवरही नजर टाका. 'डेव्ह-एसडीए१' असं थेट नाव लिहिलेलं असेल तर व्हर्टआयओ-ब्लॉकवर त्याचं 'व्हीडीए१' झालेलं असतं. एचपीच्या जुन्या स्मार्ट अ‍ॅरे कार्डांवर तर 'सीसीआयएसएस' नावाच्या वेगळ्याच फोल्डरात 'सी०डी०पी१' अशी नावं असायची, ती व्हीएममध्ये कुठून येणार? सुझेच्या १० आणि ११ या आवृत्त्यांत 'बाय-आयडी' ची लांबलचक नावं असतात. दिसायला ती यूयूआयडीसारखी पक्की वाटतात, पण त्यांत डिस्कचा मॉडेल आणि सिरियल नंबर गुंफलेला असतो. सिरियल नंबर जुन्या लोखंडाबरोबर गेला. 'बीएलकेआयडी' ने खरे यूयूआयडी काढा आणि सगळीकडे तेच लिहा. स्वॅपची (मेमरीला पूरक म्हणून राखलेल्या डिस्कवरच्या जागेची) ओळ विसरू नका, आणि ग्रबच्या ओळीत 'रिझ्यूम' म्हणून जुन्या स्वॅपचं नाव असेल तर तेही.

रेड हॅट ९ किंवा त्याची भावंडं असतील तर आणखी एक. तिथे एलव्हीएम कुठल्या डिस्क आपल्या मानायच्या याची यादी '/ईटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेस' मध्ये ठेवतं, आणि तीही बहुधा हार्डवेअरच्या ओळखीवरून. डिस्क समोर दिसते, बीएलकेआयडी तिला एलव्हीएम म्हणतो, पण एलव्हीएम स्वतः 'मी नाही ओळखत' म्हणतं, असं झालं तर 'व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस' चालवा.

प्रश्न: आमच्याकडे एररच येत नाही. ग्रबनंतर स्क्रीन काळी, ती काळीच राहते. अर्धा तास थांबून पाहिलं.

उत्तर: एरर येतेय, तुम्हाला दिसत नाहीये. सर्व्हर दूरच्या रॅकमध्ये असताना कोणीतरी कर्नलच्या ओळीत 'कन्सोल बरोबर टीटीवायएस१' लिहून सगळं बोलणं सिरियल पोर्टवर वळवलेलं असणार. इमर्जन्सीचा प्रॉम्प्टसुद्धा तिकडेच जातो. व्हीएममध्ये तो पोर्ट नाही, म्हणून मशीन भिंतीशी बोलतंय. ग्रबमध्ये 'ई' दाबा, ते कन्सोलचे शब्द खोडा, 'आरएचजीबी' आणि 'क्वाएट' ही खोडा, कंट्रोल-एक्स दाबा. आता खरा आजार दिसेल, आणि तो बहुधा वरच्या दोन पत्रांतलाच निघेल.

प्रश्न: आमच्या दोन मशीनांचं बूट ग्रबपर्यंतही जात नव्हतं. एक डेबियन, एक रॉकी लिनक्स. दोन्ही जुन्या बॉक्सवर यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) होतं, व्हीएमही यूईएफआयच घेतलाय. गंमत म्हणजे रॉकी शेवटी सुरू झालं, डेबियन मात्र 'बूटेबल डिव्हाइस नाही' म्हणतं. दोघांची कॉपी एकाच माणसाने, एकाच पद्धतीने केली.

उत्तर: त्या माणसाला दोष देऊ नका. यूईएफआयमध्ये 'अमुक डिस्कवरची अमुक फाइल चालव' ही नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते, डिस्कवर नाही. डिस्क आणली, नोंद जुन्या मदरबोर्डवर राहिली. नोंद नसली की फर्मवेअर एका ठरलेल्या जागी बघतं: ईएफआय पार्टिशनमधलं 'बूट' फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल. रेड हॅटच्या घराण्यातली डिस्ट्रो तिथे फाइल ठेवते, आणि तिथून सुरू झाल्यावर हरवलेली नोंद पुन्हा तयारही करते. रॉकी त्यामुळेच उठलं. डेबियन इन्स्टॉल करताना विशेष सांगितल्याशिवाय तिथे काही ठेवत नाही.

व्हीएमच्या फर्मवेअर मेन्यूत जाऊन 'फाइलवरून बूट' असा पर्याय शोधा, 'ईएफआय' मधलं 'डेबियन' फोल्डर उघडा, शिम किंवा ग्रब नावाची फाइल निवडा. वर आलं की ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवा, आणि 'फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल' हा पर्याय लावा म्हणजे त्या ठरलेल्या जागीही एक प्रत पडेल. पुढच्या वेळी हायपरव्हायजर बदलला तरी रडावं लागणार नाही.

याच विषयावरची बाकीची पत्रं पाहिली तर निम्म्या लोकांनी मुळात व्हीएमच चुकीचा बनवलाय: बॉक्स यूईएफआयचा, व्हीएम बायोसचा, किंवा उलट. जुन्या मशीनवर '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर असेल तर यूईएफआय. नसेल तर बायोस. व्हीएम बनवण्यापूर्वी बघायची ही गोष्ट आहे. एका वाचकाची केस मात्र खरोखर वेगळी होती. त्याच्या एनव्हीएमई डिस्कचे सेक्टर ४०९६ बाइटचे, आणि व्हर्च्युअल डिस्कचे ५१२ चे. जीपीटी, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांचा तक्ता, दुसऱ्या सेक्टरपासून सुरू होतो. जुन्या हिशोबाने तो ४०९६ व्या बाइटवर लिहिलेला, नवं मशीन शोधतंय ५१२ व्यावर. एकही बाइट हरवलेला नाही, तरी डिस्क कोरी दिसते. क्यूईएमयूला (केव्हीएमसोबत व्हीएमचं हार्डवेअर उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरला) व्हर्च्युअल डिस्कचा लॉजिकल ब्लॉक ४०९६ चा ठेवायला सांगितल्यावर पार्टिशनं जागेवर आली.

प्रश्न: मॅडम, रेड हॅट ९. इनिटरॅमएफएस पुन्हा बांधली, तुम्ही सांगता तसे सगळे ड्रायव्हर घातले. तरी एका सेकंदात 'कर्नल पॅनिक, अटेम्प्टेड टू किल इनिट' आणि एक्झिटकोडच्या शेवटी ७एफ००. डिस्कपर्यंत जातच नाही असं वाटतं.

उत्तर: बरोबर वाटतं तुम्हाला. तुमची डिस्क, ड्रायव्हर, ग्रब, सगळं निर्दोष आहे. पॅनिकच्या ओळीच्या वरती स्क्रोल करा, किंवा स्क्रीनचा व्हिडिओ काढून हळू चालवा. 'फेटल जीलिबसी एरर' ने सुरू होणारी एक ओळ सापडेल: सीपीयूला एक्स८६-६४-व्ही२ येत नाही.

रेड हॅट ९ व्ही२ पातळीसाठी बांधलेलं आहे, म्हणजे एसएसई४.२ सारख्या सूचना येणारा सीपीयू त्याला हवाच. तुमच्या सर्व्हरचा सीपीयू ते करू शकतो, पण व्हीएमला तुम्ही केव्हीएम६४ किंवा क्यूईएमयू६४ नावाचा फार जुना, सर्वांना चालेल असा सीपीयू दाखवलाय. कर्नलला त्याचं काही वाटत नाही, तो सुरू होतो. पहिला प्रोग्रॅम सुरू करायला गेला की जीलिबसी (प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) हात वर करतं, इनिट, म्हणजे तोच पहिला प्रोग्रॅम, मरतं, आणि इनिट मेलं की कर्नल पॅनिक. व्हीएमच्या सेटिंगमध्ये सीपीयूचा प्रकार 'होस्ट' करा, बाकी कशाला हात लावू नका. प्रॉक्समॉक्सने (केव्हीएमवर बेतलेल्या व्हीएम चालवायच्या प्रणालीने) आवृत्ती ८ पासून नव्या व्हीएमला आपोआप मिळणारा सीपीयूचा प्रकार बदलून व्ही२ पातळीचा केला, त्यामुळे हा त्रास तिथे जुन्या व्हीएममध्येच दिसतो. रेड हॅट १० ला व्ही३ लागतं, तेव्हा तिथे हे पुन्हा भेटणार आहे.

प्रश्न: व्हीएम बूट होतं, लॉगिन होतं, पण नेटवर्क नाही. याला बूट फेल्युअर म्हणायचं का?

उत्तर: म्हणू नये, पण फोनवर सगळे तेच म्हणतात. नवं नेटवर्क कार्ड, म्हणून कार्डाचा ओळखक्रमांक असलेला नवा मॅक अ‍ॅड्रेस. जुन्या डिस्ट्रोत '७०-पर्सिस्टंट-नेट' नावाच्या युडेव्ह फाइलमध्ये ईटीएच० हे नाव जुन्या मॅकसाठी राखून ठेवलेलं असतं, म्हणून नवं कार्ड ईटीएच१ होतं आणि त्याला कॉन्फिगच नसतं. ती फाइल उडवा, आयएफसीएफजी या नेटवर्कच्या कॉन्फिग फाइलमधली एचडब्ल्यूएडीडीआर ची (जुन्या मॅकची) ओळ काढा, रीबूट करा. नव्या डिस्ट्रोत ईएनओ१ चं ईएनएस१९२ वगैरे झालेलं असतं, तिथे कॉन्फिगमधलं नाव बदला.

प्रश्न: आमचं स्थलांतर पार पडलं, आठवडाभर व्हीएम छान चालू आहे. जुना सर्व्हर आता पुसून टाकू का?

उत्तर: अजून नाही. व्हीएम आठवडाभर चालू आहे म्हणताय, पण या आठवड्यात तो एकदा तरी पूर्ण बंद करून चालू केलात का? नसेल तर बूट होतो हे तुम्हाला एकदाच कळलेलं आहे. कर्नलचं अपडेट टाका, मग बंद-चालू करा, कारण नवी इनिटरॅमएफएस या नव्या मशीनवर बांधली जाते तेव्हाच तुमच्या कॉन्फिगची खरी परीक्षा होते. महिनाअखेरची कामं होऊ द्या.

तोवर जुना सर्व्हर बंद ठेवा आणि त्याची नेटवर्क केबल मागून काढून घ्या. नुसतं बंद केलं आणि केबल तशीच ठेवली, असं एकदा मी केलं होतं. बायोसमध्ये 'वीज परत आली की चालू हो' असं सेटिंग होतं. पहाटे वीज गेली, आली, आणि सकाळी एकाच आयपीवर दोन सर्व्हर बसलेले. निम्मे लोक नव्यावर नोंदी करत होते, निम्मे जुन्यावर. त्या दोन डेटाबेसमधल्या नोंदी एकत्र करायला मला चार दिवस लागले.